डावीकडची नजर

रेक्याविकच्या पोहण्याच्या तलावाशेजारी गरम पाण्याचं कुंड आहे. एदीस त्यात हनुवटीपर्यंत बुडून डोळे मिटून बसली होती. उद्या हँडबॉलच्या राष्ट्रीय करंडकाचा अंतिम सामना होता आणि गोल तिला राखायचा होता. वाफेपलीकडे दोन म्हाताऱ्या बोलत होत्या. त्यांच्या डोक्यांवर बर्फ भुरभुरत होता.

“उद्या टीव्हीवर दाखवणारेत म्हणे. आपल्या वेळचा अंतिम सामना सैन्याने टाकून दिलेल्या बराकीत!”

“छप्पर कसलं गळायचं गं, वहिनी! गोलाशी उभी राहून मी चिंब झाले होते.”

“म्हणून हरलात वाटतं?”

“तू फसवलंस म्हणून हरलो. शेवटचा चेंडू. बघितलंस डावीकडे, मारलास उजवीकडे. पन्नास वर्षं झाली, अजून स्वप्नात तो चेंडू सावकाश तरंगत येतो आणि मी डावीकडेच झेपावते.”

एदीसने डोळे उघडले.

“मी कुठे फसवलं तुला?”

“मग डावीकडे काय ठेवलं होतं?”

“तुझा भाऊ बसला होता. लाल टोपी घालून.”

“आमचा ओरी?”

“पहिल्यांदाच दिसला. चेंडू आत गेला, ते मला लोकांच्या आरड्याओरड्यावरून कळलं.”

“अगं बाई! त्याला कधी सांगितलंस का हे?”

“कसं सांगणार? अगदी मरेपर्यंत घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो कौतुकाने सांगायचा, ‘त्या दिवशी आमच्या हिला चेंडूशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं.’”