पानाअखेरचं ‘अं’

‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ हे वाक्य ज्या कुणी पहिल्यांदा तोंडातून काढलं ना, तो माणूस मला एकदा भेटू दे! एकदाच! अहो, काय नुकसान करून ठेवलंय त्यानं... किंवा तिनं, मी भेदभाव करत नाही... सगळी दुनिया त्या एका वाक्यावर उभी आहे. वाकडी उभी आहे, पण उभी आहे! नळ गळतोय? खाली बादली ठेवलीय, चालतंय ना! दार लागत नाही? गुडघ्यानं ढकला, चालतंय ना! प्रोग्राम मधेच मरतो? पुन्हा सुरू करा... चालतंय ना!

तुम्हाला सांगते, नळाचं मला काही नाही. नळाचं नळवाला बघेल. पण प्रोग्राम माझा आहे. म्हणजे माझा नाही, सगळ्यांचा आहे, तीच तर गंमत! ‘बोलका’ त्याचं नाव. पुस्तक आत टाकायचं, तो मोठ्यानं वाचून दाखवतो. फुकट! आणि नुसता फुकट नाही, उघडा! म्हणजे त्याच्या आतलं लिखाण कुणीही बघावं, कुणीही दुरुस्त करून पाठवावं. कॉलेजात मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आनंदानं जेवण गेलं नव्हतं. आई म्हणाली, “कुणाच्या प्रेमात पडलीस का?” म्हटलं, “प्रोग्रामच्या.” तिनं ताट झाकून ठेवलं.

तर कुणीही दुरुस्त करून पाठवावं... आणि एकानं ते मंजूर करावं! तो एक कोण? ज्यांनी हा प्रोग्राम मुळात लिहिला ते गृहस्थ. आम्ही सगळे त्यांना मूळपुरुष म्हणतो. प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी नाही. नुसते निरोप येतात. तेही कसे? “बघतो.” “नको.” “का?” हा ‘का?’ आला ना, की भलेभले लोक आपलं सामान उचलून दुसऱ्या प्रोग्रामकडे चालू लागतात.

आता माझा मामा. कोर्टात लघुलेखक होता. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं भराभर टिपून घेतलं, आणि आता निवांत वाचू म्हणून निवृत्त झाला, तर नजर गेली. वेड मात्र गेलं नाही. रहस्यकथा! उशीला घेता येतील इतक्या जाड. मामी वाचून दाखवायला एका पायावर तयार, पण मामी शेवटचं पान आधी वाचते. आणि मग वाचता वाचता सुस्कारे सोडते! “सुस्कारा सोडू नकोस गं!” “मी? मी कुठे सोडला?” “आत्ता! माळ्याच्या नावावर!” झालं, संपलं पुस्तक! म्हणून मामाला बोलका. मीच लावून दिला, छाती पुढे काढून.

आणि तो बोलका, अहो काय सांगू, ऐन मोक्याला मरतो! “इन्स्पेक्टर सर्वांकडे वळून म्हणाले, खुनी याच खोलीत आहे, आणि तो म्हणजे...” शांतता. मामा पुन्हा सुरू करतो. प्रकरणाच्या आरंभापासून! पुन्हा इन्स्पेक्टर वळतात, पुन्हा ‘तो म्हणजे’, पुन्हा शांतता! कारण काय, तर नेमकी तिथेच पानाखालची लांबलचक तळटीप येते, आणि तळटीप लांबली की आमचा बोलका आडवा. बरं, मामानं चिडावं की नाही? छे! “अगं, बाकी चालतंय ना!” बाकी! खुनी सोडून बाकी!

का मरतो, ते सांगते. घाबरू नका, सोपं आहे. हा प्रोग्राम ‘सी’ नावाच्या भाषेत लिहिलाय. जुनी, जाणती, भन्नाट वेगाची भाषा, पण माणसांवर तिचा नको इतका विश्वास. प्रोग्रामला काही ठेवायचं असलं की तो कॉम्प्युटरकडे जागा मागतो, आपण हॉटेलात खोली मागतो तशी. काम झालं, खोली सोडली... पण किल्ली खिशातच राहिली! मग आठवण होते, अरेच्चा, टॉवेल राहिला! गेला परत, उघडलं दार, तर आत दुसरंच कुटुंब, गृहस्थ फेस लावून दाढी करतायत! आणि सी काय म्हणते? “किल्ली आहे ना तुमच्याकडे? मग जा की!” तळटिपेचं नेमकं हेच होत होतं. आता नवी भाषा आलीय, रस्ट. ती म्हणजे काउंटरवरची कडक बाई. “किल्ली.” “अहो, मी फक्त एक मिनिट...” “किल्ली आधी. बोलणं नंतर.” प्रोग्राम चालायच्या आधीच अडवते! जीव खाते, तुम्हाला सांगते, रडवते अक्षरशः, पण दुसऱ्याच्या दाढीत घुसू देत नाही.

मग मी मूळपुरुषांना लिहिलं. काय लिहिलं म्हणून विचारता! सगळा बोलका नव्या भाषेत! पाडा आणि बांधा! सुरक्षितता, भविष्य, माझा मामा, मानवजात... हो, मानवजात आली होती त्यात, दोन्ही परिच्छेदांत आली होती. उत्तर आलं. “चालतंय ते पाडायचं नाही. लोक वापरतायत. एका वेळी एक भाग. आधी तळटिपा कर.”

क्रांती मागितली, तळटीप मिळाली!

बरं म्हटलं. घेतला तो भाग. तळटिपा आणि पानांचे शेवट, एवढाच तुकडा. उघडला तर मधोमध मूळपुरुषांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलेलं, “इथे हात लावू नये. का ते आता आठवत नाही.” लावला हात! आणि रोज ती काउंटरवरची बाई... “ही किल्ली कुणाची?” “माझी.” “मग त्याच्याकडे कशी?” “मी दिली.” “दिलीत ना? मग तुमची कशी?” अहो, इतकी उलटतपासणी मामाच्या कोर्टात झाली नसेल!

झाला एकदाचा. आता मूळपुरुषांचा नियम असा, की जुना भाग आणि नवा भाग शेजारी शेजारी चालवायचा, तीच पुस्तकं, आणि आवाज हुबेहूब जुळला पाहिजे. जुळला! सगळा जुळला! फक्त एक... जुना बोलका पान संपलं की ‘अं’ म्हणायचा. बारीकसं. काहीतरी विसरल्यासारखं. ‘अं.’ का? कारण पान संपल्यावर तो एक पाऊल पुढे जाऊन शेजारच्या खोलीत डोकवायचा, तिथलं भलतंच काहीतरी वाचायला जायचा, आणि जमलं नाही की ‘अं’! उघड उघड चूक! नव्या भाषेत शेजारी डोकवायची सोयच नाही, त्यामुळे ‘अं’ गेलं. मी तर पेढे... म्हणजे वाटले नाहीत, पण वाटावेत असं वाटलं.

मूळपुरुषांचा निरोप. “‘अं’ कुठे गेलं?”

लिहिलं, “ती चूक होती.”

“ठाऊक आहे. माझीच आहे. ‘अं’ कुठे गेलं?”

आता बोला! मी लिहिलं, अहो, चूक जपायची का आपण? वारसा म्हणून? उत्तर आलं, “कुणाला ती चूक वाटते, कुणाला नाही. मामांना ऐकवून बघ. मग बोलू.”

गेले मामाकडे. ताठ मानेनं गेले! नवा बोलका लावला. मामा आरामखुर्चीत, हातात कप. इन्स्पेक्टर यायला अजून बराच अवकाश होता. एक पान झालं, दुसरं झालं. मामाच्या कपाळावर आठी.

“हा माणूस श्वास घेत नाही गं.”

“मामा, तो माणूस नाहीये.”

“आधी होता.”

“मामा, तळटीप आली तरी हा मरणार नाही! खुनी कळेल तुला!”

“ते कळेल गं. पण पान कधी उलटलं ते कळत नाही. तो ‘अं’ म्हणायचा, मी घोट घ्यायचो. आता बघ, चहा गार! कोर्टातले आमचे बेलिफ फोन करून विचारतात, कुठवर आलात? तेही हेच पुस्तक बोलक्यावरच ऐकतात ना! ‘अं’ मोजून सांगायचो मी. आता काय सांगू, मध्यावर कुठेतरी?”

तेवढ्यात मामी आतून ओरडली. स्वयंपाकघरात तिला पुस्तक ऐकू जात नाही, ‘अं’ तेवढं जातं. “बंद पडलं का गं ते? मघापासून ‘अं’ नाही!”

“जुनाच लाव,” मामा म्हणाला.

“जुन्यात खुनी कळत नाही, मामा!”

“नसू दे. चालत होतं ना!”

हेच! हेच ते वाक्य! माझ्या घरच्यांत, माझ्या मामाच्या तोंडून! कुणासाठी केलं मी हे सगळं? मानवजातीसाठी? मानवजात आरामखुर्चीत बसून ‘अं’ मागतेय!

काय करणार... आले परत. बसले. पण आता पंचाईत बघा, नव्या भाषेत चुकून शेजारी डोकवता येत नाही. म्हणजे चूक चुकून करता येईना! मग ती नीट करावी लागली. समजून उमजून, नियमानं, पान संपलं की ‘अं’ म्हण. किती लांब म्हणायचं, किती हळू म्हणायचं, सगळं जुन्याशी ताडून. मला वाटतं, इतकी सुरक्षित चूक जगात दुसरी नसेल. पाठवली. निरोप आला. “छान.” अहो, मूळपुरुष कुणाला ‘छान’ म्हणाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही! मी खुर्चीवर उभी राहिले! बसते न बसते तोच दुसरा निरोप. “आता शीर्षकं घे.” शीर्षकं! मग अनुक्रमणिका, मग अवतरणचिन्हं... या हिशेबानं सगळा बोलका नव्या भाषेत येईपर्यंत आरामखुर्चीत मी असेन, आणि माझी भाची मला काहीतरी लावून देत असेल!

परवा मामाकडे गेले. बोलका लावला. ‘अं.’ घोट. ‘अं.’ घोट. मामाचा चेहरा असा काही खुलला, जणू कुणी घरचं परत आलंय. मग इन्स्पेक्टर सर्वांकडे वळले. मामानं कप खाली ठेवला. “आणि तो म्हणजे...” तळटीप आली. लांबलचक, जुन्या घड्याळांच्या काट्यांविषयी, कुणाला हवी होती कोण जाणे! चालली, चालली, संपली... आणि बोलका म्हणाला, “डॉक्टर!”

मामा हळूच म्हणाला, “मी इतके दिवस वकील धरून बसलो होतो गं.” आणि हसला. ‘अं.’ घोट.

माझे डोळे भरून आले हो! धावत स्वयंपाकघरात गेले, म्हटलं, “मामी, झालं! सगळा तो भाग नवा केला मी, पहिल्यापासून शेवटपर्यंत!” मामीनं हातातलं भांडं ठेवलं, दाराशी आली, कान देऊन उभी राहिली. बाहेरून आवाज आला, ‘अं.’

मामी म्हणाली, “आधीही ‘अं’च म्हणायचा, आताही ‘अं’च म्हणतोय... मग इतके महिने तू करत काय होतीस?”