कुंडीतलं पांढरं

तुह्या कुंडीत बुरशी आली म्हणून तू हसून राह्यली, पण माह्या बाबाचं आईक. अमडापूरचं वावर विकून ते अन् आई माह्याकडे बुलढाण्याले राहाले आले. बाबा नुसते बसून राहत, म्हणून मी त्यायले मनी प्लँटची कुंडी अन् सेंद्रिय मातीची थैली आणून देली. थोड्या दिवसांत मातीवर पांढरी बुरशी आली. बाबा ओरडले, "कपाशीच्या पऱ्हाटीवर असंच पांढरं आलं होतं! फवाऱ्याचा पंप कुठी हाय?"

"बाबा, साधी बुरशी हाय. पानी कमी टाका."

"बीटी कपाशीच्या वक्ती बियाण्याचा दुकानदारबी असंच म्हने, काई होत नाई! अन् सारं पीक गेलं!"

आई हळूच म्हणाली, "पंप वावरासंगच देला ना आपुन."

मंग बाबानं कुंडी माह्या हाती देली. "तूच सांभाळ, बाई. माह्याजवळ काई जगत नाई."