म्हात्रेशेठ आणि वाय-फायचे सूर

तक्रारी फेटाळण्यात माझी अख्खी नोकरी गेली. पण जी फेटाळताच येणार नाही अशी तक्रार मी परवा प्रथमच ऐकली, तीही स्वतःच्या घरात.

आमची लेक सुमन पनवेलमध्ये घरी बसून व्हिडिओ कॉलवर गाणं शिकवते. वाय-फाय इतकं अडखळायला लागलं की शिष्य गळू लागले. कोन गावचे म्हात्रेशेठ तेवढे टिकून होते.

मी म्हटलं, "थांब, कंपनीला फोन करून झापतो."

"काय सांगून झापणार? आधी बघू तर दे."

तिने म्हात्रेशेठना कॉल लावला आणि प्रत्येक खोलीत उभं राहून सारेगम म्हटलं. पलीकडून शेठ सांगत होते, "बाई, हॉलमदी पन 'ध' नाय आला." मग तेच दुसऱ्या फोनवरून. शेवटी लॅपटॉप केबलने राउटरला जोडला, तेव्हा सगळे सूर पोचले.

मग तिने कंपनीला फोन केला.

"मॅडम, राउटर बंद करून चालू करा."

"केला. राउटरशेजारी उभं राहिलं तरी वाय-फाय तुटतं, दोन्ही फोनवर. केबलवर एकदाही तुटत नाही. आता बोला."

त्याने लगेच तक्रार नोंदवून घेतली. दुसऱ्याच दिवशी राउटर बदलून मिळाला.

संध्याकाळी म्हात्रेशेठ जीव ओतून गायले. एकही सूर तुटला नाही. सुमन हार्मोनियमवर त्यांना पुन्हा पुन्हा 'सा' दाखवत राहिली.

शेवटी शेठच म्हणाले, "म्हंजे इतके दिस नेट एकटाच बेसूर नव्हता, नाय बाई?"