तीस वर्षांचा गॅप

अगं, या वयात एम.ए. फिलॉसॉफीला प्रवेश कसा मिळाला, ते ऐक ना. बँकेतून निवृत्ती घेतली आणि पार्ल्याच्या एका कॉलेजात फॉर्म भरायला गेले. शेवटचा दिवस होता. माहितीपत्रकात लिहिलेलं, हा अभ्यासक्रम केल्यावर विद्यार्थी कुठलंही विधान सत्य की असत्य, ते तपासू शकेल. वाचूनच खूश झाले.

खिडकीतला क्लार्क म्हणाला, “मॅडम, बी.ए.नंतर तीस वर्षांचा गॅप आहे. शपथपत्र लागेल.”

“काय लिहू? नोकरी केली, दोन मुली वाढवल्या, सासूबाईंचं आजारपण काढलं...”

“ते नको हो, मजकूर ठरलेला आहे.” त्याने कागद पुढे सरकवला. ‘या काळात मी कुठेही, काहीही शिकले नाही.’

“अहो, पण हे खोटं आहे!”

“सगळे हेच देतात. नाहीतर प्रवेश नाही.”

धावत नोटरीकडे गेले. त्याने विचारलं, “वाचलंत ना? सगळं खरं आहे?”

सासूबाईंना चमच्याने पेज भरवायला शिकले, ते दिवस आठवले गं. तरी “हो” म्हटलं आणि सही ठोकली.

प्रवेश झाला. सोमवारी पहिलाच तास नीतिशास्त्राचा होता.