ईस्टर कधी संपतो?

वसईला गिरीजच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर जोडपं उभं होतं.

"इनास कतारहून वीस एप्रिलला येतोय. म्हणे ईस्टरला!"

"अगं, ईस्टर तर पाच तारखेला आहे."

"तेच तर! गेल्या वर्षीची तारीख बघून रजा टाकली. ईस्टर काय नाताळ आहे, दरवर्षी एकाच तारखेला यायला?"

"त्याला सांगायचं होतंस."

"लहानपणापासून सांगतेय! एकवीस मार्चनंतरची पहिली पौर्णिमा झाली की पुढचा रविवार. कतारला चंद्र दिसत नाही का?"

"रजा बदलून घेऊ दे."

"मिळत नाही. तीन वर्षांनी पोरगा येतोय, आणि सणाला घरात आपण दोघंच!"

"रेजिना, हळू बोल. लोक बघतात."

"बघू देत. फादरनासुद्धा जाऊन सांगितलं."

"फादर काय करणार त्यात?"

"म्हणाले, ईस्टर एका दिवसात संपत नाही. पुढचे पन्नास दिवस ईस्टरचेच."

"म्हणजे वीस तारखेलाही ईस्टरच की!"

"हो. पण इनासला कळवू नका."

"का गं?"

"फोनवर इतकी ओरडलेय त्याला. आता मीच चुकले म्हणून कसं सांगू?"