हिरड्यांचा रंग

—नाही नाही, व्याही, आता बोलू नका, माप बिघडेल. दात आवळू नका — म्हणजे दात नाहीतच तुम्हाला, पण तरी. नाकाने श्वास घ्या. मळमळलं तर पायाचा अंगठा हलवत राहा, लक्ष तिकडे जातं. तोंडातला हा मापाचा लगदा घट्ट व्हायला जरा वेळ लागतो. तोवर मी बोलतो. इतकी वर्षं कवळ्या बनवतोय, या खुर्चीत बसून माझ्या बोलण्यावर आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. घेणार कशी?

तर परवाच्या जेवणाचं. मी माझ्या भावाशी तुमची ओळख करून दिली आणि तो शब्द बोललो. मला वाटलं, मी सभ्यपणे बोललो. बघतो तर माझ्या मुलीने हातातला घास खाली ठेवला, तुमचा मुलगा पाण्याच्या ग्लासात बघत बसला, आणि भाऊ म्हणाला, “भाजी छान झालीय.” भाजी अजून वाढलीच नव्हती. मला कळेना, झालं काय? अहो, निग्रो हा शब्द आमच्या शाळेच्या पुस्तकात होता, चित्राखाली छापलेला! मास्तरांनी पाठ करून घेतला होता — आता मी शाळा लवकर सोडली हे खरं, पण तेवढ्यात हा शिकलो होतो. वाईट शब्द दुसरा होता. वाईट शब्द होता ‘काळा’. लहानपणी मी शेजारच्या काकूंना काळ्या काकू म्हटलं — होत्याच त्या काळ्या — तर आईने मुस्काटात दिली. म्हणाली, काळं म्हणायचं नाही, सावळं म्हणायचं. आमच्यात काळं कुणी नसतंच. काळ्याला सावळा म्हणायचं, सावळ्याला निमगोरा, आणि निमगोऱ्याचं लग्न जमवायचं असेल तर सरळ गोरा. आणि आता माझी पोरगी मला सांगते, बाबा, तो पुस्तकातला शब्द तोंडातून काढायचा नाही, ‘काळे’ म्हणा, ते स्वतःला तसंच म्हणवतात, ताठ मानेने. म्हटलं, बाई गं, मग मी खाल्लेल्या थपडेचं काय? कृष्णवर्णीय म्हणू का? तर म्हणते, तुम्ही बातम्या देताय का. मग म्हणू तरी काय? म्हणते, व्याही म्हणा. आहेतच ना ते व्याही.

बरोबर आहे तिचं. मला सुचलं नाही.

हलू नका. पण शब्दाचं ती विसरेल हो. तिचा खरा राग आहे आधीच्या कवळीवर. लग्न ठरलं तेव्हा मी म्हटलं, व्याह्यांना काय द्यावं? माझ्याकडे दुसरं आहे काय — दात दिले. झकास बसले, तुम्हीच म्हणालात. आणि तेव्हापासून तुम्ही हसलात की तोंडावर हात ठेवता. आम्हाला वाटलं, लाजताय. म्हटलं, एवढा मोठा माणूस आणि नव्या नवरीसारखा लाजतो, कौतुक आहे. तर परवा जेवण झाल्यावर पोरीने फोनमधला एक फोटो मोठा करून माझ्या नाकासमोर धरला. हात जरासा सरकलेला होता तुमचा. म्हणाली, बाबा, त्यांच्या हिरड्या अशा गुलाबी आहेत का? त्यांच्या ओठात हे कुणाचं तोंड बसवलंत? आणि म्हणाली, लग्नात सासऱ्यांनी हसताना तोंड झाकलं, तर माझ्या एकाही फोटोत तुम्ही नसाल. ती करेल तसं. आईवर गेलीय.

आता गुलाबी का? त्याचं असं आहे — गुलाबी हा आमच्याकडे रंगच नसतो. ज्या पुडीच्या कवळीच्या हिरड्या करतो, तिच्या डब्यावर ‘गुलाबी’ लिहिलेलं नसतं, नुसतं ‘हिरडी’ लिहिलेलं असतं. दुसरा डबा असतो ना, हा बघा, याच्यावर लिहितात. आधी तोच पुस्तकातला शब्द असायचा. मग एका वर्षी ‘आफ्रिकी’ आलं. मग ‘गडद’. आता नुसता आकडा, चार. पूड तीच, हं. मी प्रत्येक डबा घेतला आणि मुदत संपली की न उघडता फेकला. कुणी मागितलाच नाही. तुम्हीही नाही मागितलात. — हो, तुम्हाला काय माहीत, असा डबा असतो म्हणून. मीच बघायला हवं होतं. म्हणजे, बघितलं होतं. दिवा लावून, बोटं घालून माप घेतलं, न बघून कसं चालेल? बघितलं, आणि गुलाबीच केली. वाटलं... काय वाटलं? वाटलं, तेवढंच जरा बरं दिसेल. उजळ.

डोळे मिटू नका, दुखतंय का? नाही ना? मग झालं. आता नुसत्या चार नंबरनेही भागणार नाही. तुमचा रंग जांभळ्याकडे झुकतो, वर मध्येच फिकट आहे, तर मी दोन्ही डब्यांतली पूड मिसळून आधी तुकडा करीन, तुमच्या ओठाला लावून बघू, तुम्ही हो म्हणालात तरच पुढे. लग्नाआधी नक्की. माझी बायकोसुद्धा म्हणाली, या वेळी नीट करा, आपला तो — म्हणजे घरी आम्ही तुम्हाला आपलं लाडाने — लाडाने म्हणजे, तुमच्या माघारी — ते जाऊ द्या, घरातल्या घरात चालतं, वाईट काही नाही त्यात.

बसला लगदा. आ करा. मोठा. जरा हिसका बसेल — हं! आलं. काय सुंदर माप उतरलंय, रेघ न् रेघ आलीय बघा. थांबा, ओल्या फडक्यात गुंडाळतो.

हं, आता बोला खुशाल.

काय?

घरी?

घरी काय म्हणतो तुम्हाला?

आधी चूळ भरा.