टाचण्या तोंडात धरून

नाही हो काका, शेअरचा भाव पडला म्हणजे पैसे कुणी चोरले असं नसतं – विकत नाही तोवर तोटा कागदावरच. हो, थोड्या पैशांतही सुरू करता येतं. खातं एकट्याच्या नावावर चालतं. बुडू शकतात का? शकतात. खोटं कशाला सांगू? आणि नॉमिनी म्हणजे तुमच्या मागे शेअर कुणाच्या हाती सोपवायचे ते – मुलाचं नाव टाका की. बोलत नाही? चालतं. बोलणं असायलाच हवं असा नियम नाही. सही तुमची लागते, त्याची नाही. मला कसं पाठ? हेच प्रश्न तर विचारतात सगळे. माझ्या वडिलांनीही हेच विचारलं होतं.

समोर बसून नाही, फोनवर. तेव्हा मी आत चौकशीच्या फोनवर होते – एकच फोन, एकटीच मी. एक दिवस फोन आला, ‘शेअर म्हणजे नेमकं काय हो?’ आणि मी ओळखलं. वडील शिंपी होते. टाचण्या ओठांत धरून बोलायची सवय, त्यामुळे शब्द जरा दाबून यायचे. जगात तसं दुसरं कोण बोलणार? आमचं बोलणं बंद होतं. मी माझ्या मनाने लग्न केलं तेव्हा ते म्हणाले, या घराची पायरी चढू नकोस. मी म्हटलं, नाही चढणार. पुढे लग्न मोडलं, पण पायरी नाही चढले. बापाची मुलगी ना, पीळ तोच. तर मी काय म्हणाले माहितीये? ‘सर, शेअर म्हणजे कंपनीतला छोटा हिस्सा.’ सर! तिथली बोलणी रेकॉर्ड होतात, दुसरं काय म्हणणार – म्हणजे, म्हणता आलं असतं. नाही म्हटलं.

मग ते फोन करत राहिले. कधी लाभांश म्हणजे काय, कधी भाव पडला की विकावं का. एकदा सांगितलेलं पुन्हा विचारायचे. मीही पहिल्यांदाच सांगितल्यासारखी सांगायचे. त्यांनी ओळखलं होतं का? न ओळखायला काय झालं, फोन उचलताना मी माझं नाव सांगायचे की! मी हळूहळू सांगायचे, म्हणजे वेळ जायचा. शेजारच्या टेबलावरचा म्हणायचा, हा म्हातारा तुझं डोकं खातो. खाऊ दे, म्हटलं.

एकदा विचारलं, ‘मुलीशी बोलणं नसेल तर तिला नॉमिनी करता येतं?’ म्हटलं, ‘येतं, सर.’ ‘तिला कळवावं लागतं?’ ‘लागत नाही, सर.’ मग टाचण्या बशीत पडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, ‘कळवलं तरी चालतं, सर.’ मग अगदी स्वच्छ आवाजात, ‘तुम्ही फार नीट समजावून सांगता.’ मी म्हटलं, ‘आणखी काही मदत हवी आहे का?’ आता हे काय विचारायचं झालं? पण सवय. ‘नको,’ म्हणाले आणि ठेवला.

त्यानंतर फोन नाही. मला वाटलं, शंका संपल्या असतील. मग खातेदार वारल्याचं पत्र कार्यालयात आलं. शेजारचा म्हणाला, अगं, आडनाव तुझंच की. चुलतभावांनी सगळं उरकलं होतं. मला कोण सांगणार, आणि कुठल्या तोंडाने? साहेबांनी मला या तुमच्या खुर्चीत बसवलं आणि आम्ही सगळ्यांना म्हणतो ते वाक्य म्हटलं – आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. ते वाक्य मीच लिहून दिलेलं. शुद्धलेखन तपासून. रडू? नाही आलं. अजूनही नाही आलं. नॉमिनीने सही कुठे करायची ते मलाच ठाऊक होतं, केली. दुसऱ्या दिवशी फोन सोडून हे काउंटर मागून घेतलं.

शेअर आहेत ना. एकाच कंपनीचे, अगदी थोडे. विकायचे की ठेवायचे – लोकांना सांगते, मला कोण सांगणार? भाव बघत नाही. लाभांश जमा झाला की मेसेज येतो. वाचते. पुसत नाही, इतकंच. आता असं बघू नका माझ्याकडे. चष्मा पुसा, मुलाचं नाव लिहा नाहीतर रिकामं सोडा, पण उठा – मागे माणसं खोळंबलीत.